पापड लाटता लाटता अमेरिका

साताऱ्याकडची बाई, कामोठ्यात राहते, हिला अमेरिकेच्या राजकारणाशी काय घेणं, असं कुणी म्हणेल. पण मला त्या बातम्यांचा भारी नाद. शाळा थोडीच झाली. वाचायची गोडी लागली ती आमचे हे मार्केटात माथाडी होते, तिथून आणायचे त्या रद्दी पेपरांवर. आता तर फोनवर सगळं मराठीतच सांगतात.

यंदा पापडाला बायका आमच्याकडं जमल्या. जिच्या घरी पापड, तिथं बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं, ही आमच्या बिल्डिंगची रीत. खालच्या मजल्यावरच्या भाभी आल्या होत्या. त्या रायगडकडच्या, त्यांच्याइतका पातळ पापड कुणाला जमत नाही. फोन डब्याला टेकवलेला, आणि अमेरिकेनं व्हिसाचे नियम कडक केल्याची बातमी चालू.

झाले मी सुरू. "असा पाहिजे बघा राज्यकर्ता! सकाळी बोलला, संध्याकाळी सही. नाहीतर आपलं! गच्चीच्या पत्र्याच्या परवानगीला वर्षं झाली, फाइल हलंना."

"मावशी, तुम्हीच उभ्या राहा की तिकडं!" शेजारीण म्हणाली.

"राहते की! आणि आपल्या पोरांना म्हणीन, दुसऱ्याच्या दारात किती दिवस बसणार? चला घरी."

सगळ्या खदखदून हसल्या. भाभींनी हातातली लाटी तेवढी पुरी केली, "गुडघा दुखतोय ताई," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

बायका गेल्यावर सून म्हणाली, "आई, भाभींचा मुलगा अमेरिकेहून आलाय ना, तो सुट्टीवर नाहीये. बहिणीच्या लग्नाला आला आणि नव्या नियमांपायी परत जायच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढं ढकलली. बायको-लेकरू तिकडंच. नोकरी राहते की जाते, तेही माहीत नाही."

"मग मला खुणावायचं तरी!"

"तुम्ही थांबलात कुठं?"

काम वेळेत व्हावं, हे मला आजही वाटतं. पण सही झटकन झाली एवढंच बघून मी कौतुक केलं. सही कशावर, ती कुणाच्या घरावर जाऊन पडली, हे विचारलंच नाही. पत्र्याचा राग माझा, आणि बोल लागला भाभींना.

दुसऱ्या दिवशी पापड घेऊन खाली गेले. मुलगा खिडकीशी फोन धरून बसलेला. फोनमध्ये त्याची लेक पडलेला दात दाखवत होती. भाभींनी चहा ठेवला.

"भाभी, काल माझं तोंड जरा..."

"ते जाऊ द्या, ताई. तुमी रोज बगता ना तिकडचं? खरं सांगा, कधी सुटंल हे?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

"मला नाही माहीत, भाभी."

"बगा की जरा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज बघते. कोण जिंकलं, कोण हरलं, कुणी कुणाला झापलं, सगळं सांगतात. खाली जाऊन भाभींना सांगावं असं त्यात काही नसतं.