दादांच्या विमानाची शेपूट

दारावर बांधलेली लिंबू-मिरची सोडून ती कांदेपोह्यात घालणारी बाई आहे मी, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाई हयात असताना घातली आहे आणि त्यांनी ते पोहे खाल्लेही आहेत! भूत, भानामती, अंगात येणं — या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहायला बसले तर आमचे हे म्हणाले, "तू? तू लिहिणार?" हो, मीच. कारण त्या दुपारी मी शुद्धीत होते, पोटभर जेवलेली होते आणि माझे डोळे तेव्हा सुईत दोरा ओवण्याइतके चांगले होते.

गोष्ट सुरतेची, नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतली. आम्ही मूळ खानदेशातले. डिंडोलीत दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. आमचे हे पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये नोकरीला, मी घरी साड्यांना लेस आणि खडे लावायचे. सासूबाई होत्या आणि माझे थोरले दीर सुधाकर. मी त्यांना दादाच म्हणायचे. दादांचं उधन्याला मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी भरायची, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. "आधी शरदचं होऊ द्या" म्हणत माझ्या नवऱ्याचं झालं, आणि मग त्यांचं राहूनच गेलं.

दादांची एक पद्धत होती. मोटारीचा आतला फिरता भाग, आर्मेचर म्हणतात त्याला, तो बांधून झाला की दोन उभ्या पट्ट्यांच्या धारेवर आडवा ठेवायचे. एका लाकडी ठोकळ्यात हॅकसॉची दोन पाती उभी ठोकून त्यांनी ते स्टँड बनवलं होतं. जी बाजू जड असेल ती खाली फिरते. मग दुसऱ्या बाजूला जरा वजन चिकटवायचं. आणि शेवटी नखाने टिचकी मारायची — टिक, टिक, दोनदा. हललं तर पुन्हा काम. नाही हललं, तर "जमलं. आता कोणी हात लावू नका." एकदा हे वाक्य म्हणाले की स्वतःसुद्धा लावायचे नाहीत.

तर अशा माणसाच्या हाती विमान पडलं. त्यांच्या एका गिऱ्हाईक शेठचा भाचा हितेश अमेरिकेत शिकायला होता. सुट्टीत येताना त्याने रिमोटवर उडणाऱ्या जेटचं सामान आणलं होतं. बॅटरीवर चालणारं, पुढे पंखा दिसत नाही, पंखा पोटातल्या नळीत बसवलेला. डबा उघडला तर पंख तुटलेले, फोमचे तुकडे, गुंता झालेल्या वायरी. तो कंटाळला आणि दादांना म्हणाला, "सुधाकरभाई, तमे राखो." दादांना आकाश ठेंगणं झालं! वर्षभर रोज संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी ते बांधलं. पंख नवे केले, बॅटरीचे सेल स्वतः सोल्डरचा डाग देऊन जोडले, पोटातली मोटर तर खोलून परत बांधली. मी ओरडायचे, "दादा, माझ्या साड्यांवर फोमचा भुसा पडतोय!" ते म्हणायचे, "बस वहिनी, हे उडलं की तुमची साडी घेऊन जाईन वर वाळत घालायला."

सासूबाई रोज विचारायच्या, "कवय उडी रे ते इमान?" आणि दादा रोज सांगायचे, "आता झालंच, आई."

झालं नाही. दिवाळीनंतर कावीळ झाली, अंगावर काढली, आणि धडधाकट माणूस गेला. विमान पूर्ण होतं, फक्त तोल साधायचा राहिला होता. दादांच्या मागे ना बायको, ना मूल. दुकान दुसऱ्याने घेतलं. राहिलं ते एवढं विमान. सासूबाईंनी कित्येक महिने त्याच्यावरचं फडकं काढू दिलं नाही.

मग आखाजी आली. तुम्ही अक्षय्यतृतीया म्हणता, आमच्याकडे आखाजी. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी पाण्याची घागर भरून पुजतात, आमरस-पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकतात. पहिल्या वर्षीची घागर तर मोठीच मानाची. नेमका त्याच आठवड्यात हितेश अमेरिकेहून आला होता. दादा गेल्याचं कळल्यावर तो आखाजीच्या सकाळीच घरी येऊन बसला आणि अवघडून म्हणाला, "बा, तुम्ही म्हणत असाल तर मी उडवून दाखवू? पण परवा माझी फ्लाइट आहे." आमच्यात रिमोट धरता येणारा तोच एकटा. सासूबाईंनी एकदा फडक्याखालच्या विमानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उडाव. येकदाव पाहू दे."

म्हणजे संधी एकच. आणि पडलं तर? तर दादांच्या हातचं जे एवढंसं उरलं होतं, त्याचाही भुगा. आणि तो आईच्या डोळ्यांदेखत.

हितेश जाताना यांना बजावून गेला, "शरदभाई, तोल आज साधून ठेवा. नकाशात लिहिलंय, पंखाच्या पुढच्या कडेपासून चार इंचावर खूण करायची. तिथे टेकवल्यावर विमान सपाट राहायला हवं. शेपूट जड राहिली तर हातातून सुटताच उलटेल, मग माझ्याने काही होणार नाही."

घागर सकाळी पुजून झाली. जेवणं झाली. शेजारी पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. यांनी माझ्या डब्यातली टेप घेतली, दोन्ही पंखांखाली मोजून पेनाने खुणा केल्या आणि दादांच्या त्याच पात्यांच्या स्टँडवर त्या खुणांवर विमान ठेवलं. विमान हलकं, वाऱ्यानेही हलेल, म्हणून छताचा पंखा बंद केलेला, दार-खिडक्या लावलेल्या. वैशाखातलं ऊन आणि वर पत्रा... नुसता घाम! बॅटरी जरा मागेपुढे सरकवली आणि विमान सपाट झालं. अगदी पाटासारखं. हे हात झटकून म्हणाले, "घे, झालं!"

टिक, टिक.

आणि शेपूट खाली गेली.

मी म्हटलं, "अहो, धक्का लागला तुमचा." हे चार हात लांब उभे. म्हणाले, "मी कुठे?" शेपूट उचलून सपाट केलं. सोडलं की पुन्हा खाली, जणू मागे कोणी बोट टेकवलंय. आत्ता सपाट असलेलं विमान एकाएकी मागे जड कसं होईल? मी पाल शोधली, उंदीर शोधला, टेबलाखाली लाकडाचा तुकडा सरकवून पाहिला. काही नाही. शेवटी यांनी दादांच्या डब्यातलं डाग द्यायच्या तारेचं भेंडोळं काढलं — जड असते ती — आणि एक तुकडा तोडून विमानाच्या नाकात कोंबला. सपाट झालं.

टिक, टिक. पुन्हा शेपूट खाली.

आता मात्र माझ्या मानेवर काटा आला. खोटं कशाला बोलू? तो आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलेला, घरातल्या कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा. हे पांढरेफटक पडलेले. आणि भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई, अगदी साध्या आवाजात, मुलगा कामावरून आल्यावर विचारावं तसं म्हणाल्या, "उना का रे सुधा?"

यांनी आणखी तार कोंबली. पुन्हा टिचकी, पुन्हा शेपूट. आणखी तार. असं करत जवळजवळ अख्खं भेंडोळं नाकात गेलं, तेव्हा कुठे टिचकी वाजली आणि विमान जागचं हललं नाही. आम्ही वाट पाहिली. पुढे आवाज आलाच नाही. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "जमनं त्याले."

सुरतेला दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी डिंडोलीच्या पुढच्या माळावर गेलो. तेव्हा तिकडे सगळं मोकळं रान होतं. हितेशने विमान दोन बोटांवर त्या खुणांपाशी तोललं आणि नाक धाडकन खाली! काल सपाट होतं ते आज नाकावर जड. त्याने आत बोट घालून पाहिलं. "अरे शरदभाई, आटलुं बधुं वजन? काढी नाखो! याने ते वर चढणारच नाही."

हे माझ्याकडे बघतात, मी यांच्याकडे. त्या अमेरिकेत शिकणाऱ्या पोराला काय सांगायचं, मेलेल्या माणसाने टिचक्या मारल्या म्हणून? त्याचं म्हणणं तर बरोबरच दिसत होतं, आमच्या डोळ्यांसमोर नाक खाली गेलं होतं. यांनी तार काढायला हात घातला. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या आणि यांचा हात धरला. "सुधानी ठेवेल शे ते. कोनी हात लावू नका."

"बा, पडेल ते," हितेश कळवळून म्हणाला.

"पडू दे. पन तार काढू नका."

हितेशने खांदे पाडले. पंखा सुरू केला, मिक्सरमध्ये चटणी वाटावी तसा आवाज झाला. यांनी विमान डोक्यावर धरलं, चार पावलं पळत गेले आणि फेकलं. मी डोळे मिटले होते, खरं सांगते. उघडले ते हितेशच्या ओरडण्याने, "ओ तेरी! जुओ, जुओ!"

सरळ चाललं होतं हो ते! सरळ आणि वर. ताडाच्या झाडांवरून वळलं, उन्हात पांढरं चमकलं, आमच्या डोक्यावरून गेलं. सासूबाई मान वर करून जागच्या जागी फिरत होत्या, पदर पडला तरी भान नाही. "उडनं रे... मना पोऱ्यानं इमान उडनं." आणि आमचे हे... भावाच्या अंत्यविधीलाही ज्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, ते तिथे माळावर फतकल मारून ढसाढसा रडले. बॅटरी संपत आली तशी हितेशने ते गवतावर अलगद उतरवलं. ओरखडासुद्धा नाही. म्हणाला, "याचा तोल एकदम परफेक्ट आहे. मलाच कसं चुकीचं वाटलं?"

त्याचं उत्तर मला पुढच्या महिन्यात सापडलं. साडीला लेस मोजताना प्रत्येक तुकडा एकेक इंच जास्त निघायला लागला. झालं होतं असं, की आमच्या घरची जुनी टेप पहिल्या इंचापाशी तुटलेली होती, ती एकापासूनच सुरू व्हायची. त्यामुळे चार इंच हवे असले की पाचावर खूण करायची, ही घरात सगळ्यांच्या हाताला पडलेली सवय. आखाजीच्या तोंडावर मी नवी, अख्खी टेप आणली होती आणि यांनी सवयीने त्या नव्या टेपवरही पाचावर खूण केली. म्हणजे विमानाची खूण एक इंच मागे पडली होती. त्या खुणेवर सपाट ठेवून उडवलं असतं तर शेपूट जड राहिली असती आणि हातातून सुटताच ते उलटून पडलं असतं. मी फडकं काढून बरोबर चार इंचावर नवी खूण केली, स्टँडवर विमान ठेवलं. नाकातल्या त्या सगळ्या तारेसकट ते सपाट राहिलं. अगदी पाटासारखं.

टेपची चूक मला समजली, पण ती दुरुस्त कोणी केली? शेपूट कोणी दाबली? तेव्हा तर टेपचं आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पत्रा उन्हाने तापून वाजतो म्हणाल, तर तो आमच्याकडे रोजच वाजायचा. मी सगळं करून पाहिलंय. उत्तर नाही.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गेल्या त्या वर्षीच्या आखाजीला दोन घागरी पुजल्या आणि जेवणानंतर हे गुपचूप विमान काढून बसले. नाकातली तार त्यांनी काढून ठेवली होती आणि विमान मुद्दाम त्या जुन्या, चुकीच्या खुणेवर सपाट ठेवलं होतं. पंखा बंद, दार-खिडक्या बंद. मी शेजारी जाऊन बसले. दुपार कलली, चहाची वेळ टळली. काही वाजलं नाही, काही हललं नाही.

शेवटी यांनीच उठून तार परत नाकात भरली. म्हणाले, "त्याला कळलं असेल, आता उडवायचं नाहीये म्हणून."