उद्याची पानं

दारात चपला काढता काढताच आपा विचारायची, "नवीन काय होनार हाय?"

घरी आलेलं माणूस साधारणपणे झालेलं विचारतं. तब्येत कशी आहे, शाळेत काय झालं, पाहुणे येऊन गेले का. आपाला झालेल्यात फारसा रस नव्हता. उद्या हारिस, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा रखवालदार, पाण्याची टाकी धुणार असेल, किंवा शुक्रवारी नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी जेवायला येणार असेल, तर ते तिला आधी कळायला हवं असे. कारण माझ्या मुलीला, सईला, नवीन गोष्ट म्हणजे संकट वाटायचं. सईला ऑटिझम आहे. रोजच्यासारखं रोज झालं तर ती सुखात असते. काही वेगळं झालं की कानांवर हात दाबून किंचाळायची, आणि मग आख्ख्या मजल्याची दारं उघडायची.

आपा तिची शिकवणीची बाई. कोकणातली, श्रीवर्धनच्या बाजूची. गावाकडे शाळेत शिकवायची, लग्नानंतर कुवेतला आली आणि सकाळी अशा मुलांच्या एका केंद्रात काम करू लागली. नवरा फरवानियातल्या मसाल्याच्या दुकानात होता. दर मंगळवारी दुपारनंतर ती बस पकडून आमच्याकडे अबू हलीफाला यायची. मी नाशिकची, सवयीने 'अहो आपा' म्हणायला लागले, तर म्हणाली, "आहो-जाहो कोनाला करतेस गो?" त्या दिवसापासून आम्ही एकेरीवर आलो.

मी 'नवीन काय' ते सांगितलं की आपा फरशीवर बसायची, कागदाची चौघडी करायची, कात्रीने कापायची आणि त्यावर गोष्ट लिहायची. गोष्ट म्हणजे राजाराणीची नव्हे. उद्याचीच. 'उद्या लिफ्ट बंद आहे. सई जिन्याने उतरेल. आई बरोबर असेल. जिन्यात अंधार असेल. आई मोबाईलचा दिवा लावेल.' सईला बोललेलं पोचत नसे, पण लिहिलेलं पोचायचं. अक्षरं तिला माणसांपेक्षा जवळची होती. ती पान पुन्हा पुन्हा वाचायची आणि दुसऱ्या दिवशी खरोखर जिना उतरायची.

ही पानं मराठीत लिहायची हेसुद्धा आपानेच ठरवलं. शाळेचं म्हणणं, घरी इंग्रजीच बोला, मुलीचा गोंधळ नको. मी तेच धरून बसले होते. आपाने विचारलं, मी पोरीवर चिडते ती कुठल्या भाषेत. मी म्हटलं, मराठीत. मग समजूतही त्याच भाषेत घालायची, एवढं बोलून तिने सईपुढे अ काढला. सई आजही शाळेत 'ऑल डन' म्हणते, पण लिहायची वेळ आली की मराठीत लिहिते.

मला वाटलं, यात काय अवघड आहे. मीही दोन-चार पानं लिहिली, आणि आपाने मास्तरकी दाखवली. वाळूचं वादळ येणार होतं तेव्हा मी लिहिलं, 'धूळ लवकर थांबेल.' तिने 'लवकर' खोडलं. "तुला ठाव हाय काय कवा थांबेल ता? नाय ना? मग लिवायचा नाय." रक्त तपासायला जायचं होतं तेव्हा मी 'दुखणार नाही' लिहिलं, तर त्यातला नकार तिने काढून टाकला. मी म्हटलं, अगं, लेकराला घाबरवायचं कशाला? ती म्हणाली, एकदा खोटं निघालं की पोरगी कागदावरही विश्वास ठेवणार नाही, मग तिच्याकडे उरलं काय? सई तपासणीला गेली. सुई टोचल्यावर 'दुखलं' म्हणाली, अगदी समाधानाने. लिहिल्याप्रमाणे झालं होतं ना.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. अतिशय प्रेमळ, आणि एका बाबतीत मात्र तसूभर न हलणारी. त्यांच्याशी वाद घालून आपलंच डोकं दुखतं.

आपाचा काळा अबाया, बाहेर जाताना वरून घालायचा पायघोळ झगा, दाराजवळच्या खुंटीवर टांगलेला असायचा. सई त्याला नाक लावून उभी राहायची. त्याला हिंगाचा, धण्याचा, नवऱ्याच्या दुकानाचा वास यायचा. आपा हसायची. म्हणायची, "मी घरात येते, पन ही भेटते माज्या कपड्यास्नी."

एका दिवशी तिने कोरं पान माझ्यापुढे सरकवलं आणि आईबद्दल लिहायला सांगितलं. मी कधीकधी तासन् तास गप्प असायचे आणि तेव्हा सई भिंतीवर डोकं आपटायची, हे तिच्या लक्षात आलं होतं. मी पेन घेऊन बसले. खरं तेवढंच लिहायचं होतं. शेवटी लिहिलं, 'आई कधी कधी गप्प असते. आईला नाशिकची आठवण येते. आई सईवर रागावलेली नसते.' लिहिलं आणि मलाच हुंदका आला. इतकी वर्षं मी नवऱ्याला सांगत होते की माझं डोकं दुखतंय. आपाने माझ्या हातातून पान घेतलं, कडा सारख्या कापल्या आणि सईला दिलं.

तिला स्वतःच्या गावाची आठवण यायची का? यायची. खाडीकाठचं घर, म्हातारी आई, तांदळाची गरम भाकरी. पण बोलायची ती कमी. नवं घर बांधून कुलूप लावून ठेवलंय, एवढंच सांगायची, आणि बस यायची वेळ झाली म्हणून उठायची.

मग एका मंगळवारी तिने नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, या आठवड्यात नवीन काही नाही.

"हाय," ती म्हणाली.

नवऱ्याचं दुकान मालकाने विकलं होतं. नव्या मालकाला जुनी माणसं नको होती, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे चालू होणार नव्हता, आणि या वयात दुसरं काम कोण देणार. महिनाअखेर दोघं कायमची जाणार होती. मला सईशिवाय दुसरं काही सुचेना. सई हे कसं सोसणार? खुंटीवर कुणा पाहुण्याचं जॅकेट लागलं तरी ती रात्रभर झोपत नसे. आता तर माणूसच जाणार होतं.

आपा फरशीवर बसली. कागद कापला. लिहिलं, 'आपा गावाला जाणार आहे.' पुढे लिहिलं, 'आपा परत येईल.' मी सुटकेचा श्वास सोडला. ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग कात्री उचलली आणि ती ओळ कापून काढली.

मला तिचा राग आला. मी म्हटलं, "राहू दे ना आपा. एवढं एक राहू दे. कोण बघतंय?"

"मी राहू दिला तर पोरगी रोज दारात बसंल गो," ती म्हणाली. "मी तिकडं, आनि ही दारात. मग मला तिकडं भाकरी गोड लागंल काय?"

तिचा आवाज तेवढा एकदाच फाटलेला मी ऐकला. नंतर तिने नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं, 'आपा परत येणार नाही. आपाला सईची आठवण येईल.' सईने वाचलं आणि विचारलं, मंगळवारी? मंगळवारीही नाही, आपाने खाली लिहिलं. सईने पान दाराला चिकटवलं आणि पंख्याकडे बघत बसली.

शेवटच्या दिवशीही ती पंख्याकडेच बघत होती. आपा दारात चपला घालत रेंगाळली, हाक मारली, पण सईने मान वळवली नाही. आपाने डोळे पुसले आणि लिफ्टचं बटण दाबलं. मी तिला धड निरोपही दिला नाही.

पुढच्या मंगळवारी मी श्वास रोखून बसले. बेल वाजली नाही. सईने दारावरचं पान वाचलं आणि आपले ठोकळे मांडायला गेली. किंचाळणं नाही, डोकं आपटणं नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

झालं उलटंच. दाराकडे कान लावून बसायला लागले ते मी. फोन येतात तिचे. तिकडे रेंज नसते, चेहरा गोठतो, आवाज तुटतो, आणि मी सईच्या प्रगतीबद्दल बोलत राहते. तुझ्याशिवाय मला करमत नाही, हे काही बोलता येत नाही. दुपारी बसची वेळ झाली की पाय आपोआप खिडकीकडे वळतात. खाली थांबा दिसतो. काळा अबाया घातलेली कुणीही बाई उतरली की जीव वर येतो आणि खाली जातो.

परवाच्या मंगळवारी मी अशीच उभी होते. मागे कात्रीचा आवाज आला. सई फरशीवर बसून काहीतरी लिहीत होती. कुणी सांगितलं नव्हतं. ती उठली आणि कागद माझ्या हातात देऊन मागे सरकली.

'आई खिडकीत आहे. बस येईल. माणसं उतरतील. आपा उतरणार नाही. आई रडेल. सई जवळ उभी राहील.'

माझं वाचून होईपर्यंत ती मागे थांबली. मग येऊन माझ्या दंडाला दंड लावून उभी राहिली, आणि आम्ही दोघी खालची बस बघू लागलो.