चारठाण्याला तबला कुणी चढवला?

मंडळी, आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. नात हे टाइप करतेय आणि गालात हसतेय. हसू दे. पण ही गोष्ट पोटात ठेवून मरायचं नाही मला…

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. एक फार मोठे गवई – नाव नाही सांगणार, आम्ही त्यांना बुवा म्हणायचो – उतारवयात आमच्या परभणी जिल्ह्यात तीन मैफलींसाठी आले. सेलू, वालूर, चारठाणा. तबल्याला मी, पेटीला एक काका, तंबोऱ्यावर बुवांचा शिष्य. माझं वय पंचवीस, अक्कल बेताची, तोंड लय मोठं.

सेलूला कसंबसं निभावलं. वालूरला मात्र वरच्या ‘सा’वर आवाज फाटला. माणसं भली, कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत बसले, आणि बुवांना तेच लागलं. चारठाण्याला जाताना बैलगाडीत म्हणाले, "उद्याही असंच झालं तर गाणं बंद. कायमचं."

"बुवा, पट्टी उतरवू की जरा," मी म्हणालो. "खालच्या पांढरी एकमधी गा. गळ्याला आराम पडंल."

ते म्हणाले, "म्हणजे तुलाही वाटतं, मी संपलो?"

नाही म्हणायला हवं होतं. मी तसं म्हणालो नाही.

"उतरव," ते म्हणाले.

सकाळी चारठाण्याच्या देवळाच्या मंडपात सतरंजी अंथरलेली, बाहेर दाट धुकं. गावचे पाटील चहा घेऊन आले, "घ्या बुवा, घसा मोकळा हुईल." मी तंबोरे आणि तबला पेटीवर दोनदा ताडून पाहिले. पांढरी एक, अगदी चोख.

बुवांनी डोळे मिटले, शिष्यानं तंबोरा छेडला – आणि सूर कितीतरी वरून आला! पांढरी चार. बुवांच्या जुन्या रेकॉर्डमधली, ऐन तारुण्यातली पट्टी. मी दचकून तबल्यावर बोट मारलं… तोही तिथंच. अहो, त्या मापाचा तबला एवढा चढवला तर कातडं फाटतं! पेटीवाले काका माझ्याकडं बघायलेत, मी त्यांच्याकडं. शेवटी त्यांनी मुकाट्यानं बोटं वर सरकवली.

बुवा तोडी गात होते. मेंढरं घेऊन चाललेली एक धनगरीण खांबाला टेकून उभी राहिली, मेंढरंही थांबली. वरचा ‘सा’ जवळ आला तसा मी श्वास धरला… आणि बुवा त्यावर जाऊन बसले, माणूस आपल्या ओसरीवर बसतो तसे. किती वेळ, सांगता येत नाही. माझे हात चालत होते, पण त्यांना वजनच नव्हतं. पाठीवर ऊन आलं तेव्हा कळलं, गाणं संपलंय. मी रडत होतो.

लोक उठल्यावर तबला वाजवून पाहिला. पांढरी एक. सूर चढवायला ठोकतात ते लाकडी गट्टे जागच्या जागी.

तेवढ्यात बुवांनी माझे खांदे धरले. "मला न विचारता पट्टी चढवलीस ना? लबाडा! अरे, दहा वर्षांत माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता."

काय उजळला होता तो चेहरा! खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हो बुवा."

ते शेवटपर्यंत गात राहिले. जातील तिथं सांगायचे म्हणे, परभणीकडच्या एका पोरानं मला परत गायला लावलं. त्या सकाळी काय झालं, मला आजही उलगडलेलं नाही. त्यांच्यावर भरवसा टाकणारं कुणीतरी तिथं होतं, एवढं खरं. मी नव्हतो.