रंगूबाईंच्या अंगठ्यावर टेस्टर

अनसिंगात भंडारा असला, की रोडगे कुणीही भाजावेत. वांग्याची भाजी ढवळायचा सराटा मात्र रंगूबाईंच्याच हातात. वांगीही त्यांच्याच मळ्यातली. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडायची छाती गावात कुणाची नव्हती.

यंदा तो मोडला. रंगूबाईंच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग महिनाभर अकोल्याला मशीनचे किरण घेतले. आमच्याकडे त्याला 'शेक' म्हणतात. बाई बऱ्या होऊन परतल्या आणि गावाला ताप चढला. पवन वायरमननं मोबाइलवर वाचलं होतं, की किरणांनी हवा, पाणी, माती सगळं नासतं. ते खोटं नव्हतं. पण ते अणुभट्टी फुटल्याचं होतं, रंगूबाई परतल्याचं नव्हे. एवढा फरक बघायला गावाला सवड कुठली? शेजारणीनं वासरू लांब बांधलं. वांगी बाजारातून तशीच परत येऊ लागली. रंगूबाईंचे यजमान जगदेवभाऊ तेवढे निवांत. "जलमभर इची बोलणी खाल्ली, मेलो नाही. किरणानं काय मरतो!"

भंडाऱ्याला रंगूबाई पदर खोचून आल्या, तर कढईपाशी चंदाबाई.

"तुमी आराम करा न, बाई."

"आराम करून करून पाठ चपटी झाली माही. सराटा दे."

"तसं नाही व... तुमच्या आंगात किरणं हायेत म्हन्तात. लोक खातीन का?"

"कोन म्हन्ते?"

सगळ्यांनी पवनकडे पाहिलं. तो मंडपाला लाइटिंग बांधत होता.

"काहून रे? हाये तुयापाशी काई मोजाचं?"

पवननं खिशातून टेस्टर काढला. तेवढंच विज्ञान त्याच्या खिशात होतं. रंगूबाईंनी अंगठा पुढं केला. गाव दोन पावलं मागं सरकलं. टेस्टर काही पेटला नाही.

"नाही लागत," पवन हिरमुसला.

"लागन कसा, येड्या! तो करंट पाहाचा हाये, किरणं पाहाचा नाही. मी डॉक्टरीणबाईले पयल्याच दिवशी पुसलं, नातवाले मांडीवर घेऊ का? ते म्हने, टॉर्च बंद केल्यावर भिंतीत उजेड राह्यते का? तसंच हे. मशीन बंद, किरणं बंद! आता तो टेस्टर या मंडपाच्या पायपाले लाव. मगाशी हात लागला त झिणझिण्या आल्या मले."

पवननं लावला. टेस्टर दिवाळीसारखा उजळला. त्याच पाइपाला टेकायला निघालेल्या चंदाबाईंनी जी उडी मारली, ती थेट रंगूबाईंच्या पदराआड.

"वायरिंग कोनाची हे?"

"माहीच," म्हणत पवन मेन स्विचकडे पळाला.

"घ्या, बाई, तुमचा सराटा," चंदाबाई म्हणाल्या. "चुकलंच आमचं."

पहिली वाढ रंगूबाईंनी मुद्दाम पवनला घातली. दुसरी त्यानंच मागितली. वासरूवाली शेजारीण तर डबा घेऊन आली होती. रोडगे उरले, भाजी संपली. शेवटच्या पंगतीला बसलेल्या जगदेवभाऊंच्या पानात एकच देठ पडला.

"पाहा, बाप्पा," ते देठ उचलून म्हणाले, "लोकायनं मायासाठी किरणं बी ठेवली नाही!"