धुरपताची बरणी

आमच्या शाळेचं मोठं जेवण जवळ आलं की माझं डोकं फिरायला लागायचं. ‘मोठं जेवण’ हे आम्ही ठेवलेलं नाव. फादर त्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणत. नाताळ आटोपला, कापसाचा पैसा गावात खेळू लागला, की जानेवारीतल्या एका शनिवारी मिशन हायस्कूलच्या पटांगणात कनाती लागायच्या, गॅसबत्त्या टांगल्या जायच्या आणि गावातले शेठ, जिनांचे मॅनेजर, रेल्वेतले ख्रिस्ती साहेब झाडून सगळे जेवायला यायचे. जेवणानंतर हर्रास. ज्याला जे जमेल ते त्यानं शाळेला द्यायचं, कोंबडा म्हणा, कोहळा म्हणा, संत्र्यांची पेटी म्हणा, आणि बाकीच्यांनी बोली लावून ते विकत घ्यायचं. पैसा शाळेला.

या हर्रासात एक चाल होती. ती चर्चमधल्या सुगीच्या सणातून आली होती म्हणे. बोली जिंकलेल्यानं ती वस्तू लगेच शाळेलाच परत द्यायची. “परत घ्या फादर, पुन्हा बोला!” असं म्हटलं की टाळ्या. मग तीच वस्तू पुन्हा बोलीला. अशा रीतीनं एकच कोंबडा तीनतीनदा विकला जायचा आणि शेवटी कोणाच्या तरी रश्श्यात पडायचा. शेवटी प्रत्येक वस्तू कोणीतरी घरी नेतच असे, हे लक्षात ठेवा. मला ते लक्षात यायला वेळ लागला.

आता धुरपताचं सांगते. ती आंजी गावची. नवरा जिनात रेचावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होता, कापसाची धूळ छातीत बसून गेला. मूलबाळ नव्हतं. शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात ती आया होती. झाडलोट करायची, मुलींच्या वेण्या घालायची, कोणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायची. वडनेरकडच्या पाटलांच्या पोरीसुद्धा घरची आठवण आली की तिच्या पदरात तोंड खुपसून रडायच्या. ते चालायचं. फक्त स्वयंपाकघराचा उंबरा तिला बंद होता. कोणी तसा नियम लिहून लावला नव्हता, पण गावाला माहीत असलेल्या गोष्टी लिहाव्या लागत नाहीत.

मी शिवण शिकवत असे. माझी खोली वसतिगृहाला लागून. दुपारी धुरपता पाटीत झाकलेली तिची भाकरी घेऊन तिथे येई आणि आम्ही दोघी मशीनच्या टेबलावरच जेवत असू. तिच्या हातचं लिंबाचं लोणचं मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा माझ्या डब्यातली भाजी तशीच राहिली. गोड, आंबट, तिखट, आणि मागून जिभेवर रेंगाळणारा ओव्याचा वास. मी रोहण्याच्या शेतकरी घरातली, माझं हे खाणं सासरी कळलं असतं तर आकाशपाताळ एक झालं असतं. पण शिवणाच्या बाईकडे कोण बघतंय! माझ्या खाण्यानं तिला काही मिळणार नव्हतं.

छप्पनच्या दसऱ्याला ती पायी, गाडीनं, जमेल तशी नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. पांढरं लुगडं नेसून माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मान अशी ताठ, की मलाच वर पाहावं लागलं. त्याच सुमारास वसतिगृहाची स्वयंपाकीण रुख्माबाई डोळे गेल्यामुळे काम सोडून लेकाकडे निघाली होती.

“बाई,” धुरपता म्हणाली, “आमी तं मागचं सारं सोडलं. मंग आता स्वैपाक काऊन नाई करू मी? पोरी माह्याच हाताखाली वाढून राह्यल्या ना?”

मला तिचं म्हणणं सोळा आणे पटलं. मी तिला घेऊन तडक फादरांकडे गेले. फादर परदेशातले, माणूस देवभोळा, स्वतः कोणाच्याही हातचं खायचे. म्हणूनच त्यांच्या खाण्याला गावात काही किंमत नव्हती. “हमको क्या हरकत है,” ते म्हणाले, “लेकिन लडकी के मां-बाप?” आणि त्यांनी शेजारी बसलेल्या मधुकररावांकडे पाहिलं. मधुकरराव जिनाचे मॅनेजर आणि शाळा कमिटीचे सेक्रेटरी. कधी कोणाला नाही म्हणायचे नाहीत, आणि त्यांच्याकडून कोणाचं काम झालेलंही मी पाहिलं नाही.

“धुरपता, आधी लोकांना तुझ्या हातची चव तर कळू दे,” ते गोड हसत म्हणाले. “मोठ्या जेवणाच्या हर्रासात काहीतरी ठेव. मोठमोठ्या घरांत तुझ्या हातचं गेलं, की पालकांना मी समजावतो. मग जागा तुझीच.”

बिचारी कामाला लागली. बाजारातून चिनी मातीची बरणी आणली, पांढरी, गळ्याशी तपकिरी. लिंबं निवडून घेतली, चिरली, गच्चीवर उन्हात मुरवली. मी शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडाचा दादरा शिवून दिला. तो तिनं बरणीच्या तोंडावर लाल सुतळीनं बांधला. तिची गाठ काही वेगळीच असायची. बापाकडून शिकलेली, बैलाच्या दाव्याची. एकदा सोडली की दुसऱ्या कोणाला तशी मारता येत नसे.

जेवणाच्या दिवशी शेठ लोकांसाठी मारवाडी महाराज पुऱ्या तळत होता, साहेब लोकांसाठी खानसामा मटण शिजवत होता, आणि कनातीमागे भांडी घासायला धुरपता. सगळं ज्याच्या त्याच्या जागी. मग ड्रिल मास्तर रूपराव टेबलावर चढले आणि त्यांनी बरणी डोक्याच्या वर धरली.

“धुरपताबाईचं लिंबाचं लोणचं! बोला!”

पहिली बोली हिरालाल शेठची. मग स्टेशनवरच्या साहेबाची. एक बार, दो बार, तीन बार! शेठनं घेतली. “परत घ्या फादर, पुन्हा बोला!” टाळ्या. मग साहेबांनी घेतली. “परत घ्या!” मग कापडवाल्यांनी. “परत घ्या!” बरणी गॅसबत्तीखाली या हातातून त्या हातात फिरत होती आणि बोली चढत होती. धुरपता राखेनं माखलेले हात तसेच घेऊन कनातीच्या फटीशी आली.

“पाह्यलं का बाई! साऱ्याइलेच पाह्यजे!”

मीही खुळ्यासारखी टाळ्या पिटत होते. मग कोंबडा कोणाच्या तरी काखेत बसून गेटाबाहेर गेला. केक गेला, संत्री गेली, रेल्वेच्या साहेबाच्या मडमेनं विणलेला टेबलक्लॉथ गेला. बरणी मात्र पुन्हा टेबलावरच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि अंगाची आग झाली. त्यांना लोणचं नको होतं. त्यांना टाळ्या हव्या होत्या आणि बरणी नको होती, आणि या चालीनं त्यांची दोन्हीकडून सोय झाली होती. शेवटी कोणीतरी नेलीच पाहिजे म्हणून मधुकररावांनी ती नेली. सगळ्या हर्रासात बरणीनंच जास्त पैसा आणला, असं फादरांनी आनंदानं जाहीर केलं आणि धुरपताला पुढे बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी ती मधुकररावांना भेटली.

“खाल्लं का साहेब?”

“अगं, जपून ठेवलंय. सणावाराला काढू.”

“मंग जागेचं?”

“पालकांशी बोलतोय. जरा दम धर.”

दम धरता धरता महाराजाचा पुतण्या चंद्रभान स्वयंपाकी म्हणून रुजूही झाला. त्याच्या पोळ्या ओढून तुटायच्या नाहीत. मुली त्या हातात धरून धुरपताच्या खोलीशी येत आणि लोणच्याची फोड मागत. ज्यांच्या आईबापांचं नाव पुढे करून तिला जागा नाकारली होती, त्याच ह्या मुली. मी फादरांना हे सांगितलं. ते म्हणाले, धीर धरा, प्रार्थना करा. मी शिवणाच्या मशीनवर राग काढला आणि सुया मोडल्या.

पुढल्या वर्षी हर्रासाच्या वस्तू टेबलावर मांडताना माझा हात थबकला. कोहळ्याच्या शेजारी एक बरणी होती. पांढरी, गळ्याशी तपकिरी. निळा दादरा माझ्या हातचा. रूपराव म्हणाले, मधुकररावांकडून आलेली भेट आहे. मी धुरपताला बोलावलं. तिनं बरणीला हात लावला नाही, नुसती वाकून पाहिली.

“माही गाठ होय हे,” ती म्हणाली. “सोडलीच नाई त्याइनं.”

वर्षभर तिनं त्या माणसाला येताजाता नमस्कार केला होता. मला तर त्याच्या अंगावर तो कोहळा फेकून मारावासा वाटला.

हर्रास सुरू झाला, बरणी हिरालाल शेठनं घेतली आणि ते “परत घ्या” म्हणणार तेवढ्यात धुरपता कनातीमागून सरळ पुढे आली. पदराला हात पुसले, टेबलावरची बरणी घेतली आणि भर सभेत गाठ सोडली. वर्षभर मुरलेल्या लोणच्याचा वास सगळ्या मांडवात पसरला. तिनं एक फोड पानाच्या द्रोणात घातली आणि शेठच्या पुढ्यात धरली.

“शेठ, घेतलं तं खाऊन पाहा.”

फादरांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, ते एकटेच टाळ्या वाजवू लागले. शेठनं द्रोणाकडे पाहिलं, मधुकररावांकडे पाहिलं.

“आज माझा उपास आहे,” ते म्हणाले.

त्यांच्या मिशीला अजून जिलबीचा पाक लागलेला होता. ते साऱ्यांना दिसत होतं आणि कोणी हसलं नाही. धुरपता “बरं” एवढंच म्हणाली. बरणी उचलून वसतिगृहात घेऊन गेली आणि मुलींनी ती बोटांनी चाटून रिकामी केली. कमिटीत मात्र बोलणं निघालं की आया फार पुढे पुढे करते, आणि फादरांनी तिला बोलावून समज दिली. शेठला कोणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं काही ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. पण फादर स्वतः आले. “धुरपता, वो बरणी! सबको बहुत पसंद है!” त्या भल्या माणसाला अजूनही काही उमगलं नव्हतं. अशा भलेपणाचा मला कधी कधी दुष्टपणापेक्षा जास्त संताप येतो. धुरपता हो म्हणाली.

जेवणाच्या दिवशी दुपारी मी वसतिगृहामागे गेले तर ती उकिडवी बसून ओंजळीनं बरणीत मुरूम भरत होती. अंगणात टाकतात तो, लाल मुरूम.

“अगं, काय करून राह्यली?”

“लोणचं घालून राह्यली,” ती म्हणाली आणि हलवून आवाज होतो का ते पाहू लागली.

“कोणी उघडलं तर? तुला काढून टाकतील!”

“उघडू द्या ना बाई. एकानं जरी गाठ सोडली ना, तं मी समजन का कोनाले तरी माह्या हातचं खावंसं वाटलं. मंग नवकरी गेली तरी चालन.”

तिनं दादरा बांधला, गाठ मारली. मी फादरांना सांगायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी सांगितलं नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

रूपरावांनी बरणी वर धरली. “धुरपताबाईचं प्रसिद्ध लोणचं!” बोली अशी चढली की पूर्वी कधी चढली नव्हती. शेठनं घेतली, परत दिली. कापडवाल्यांनी घेतली, परत दिली. धुरपता यंदा कनातीमागे नव्हती. खांबाला टेकून उघड उभी होती आणि प्रत्येकाच्या हाताकडे पाहत होती. मग बरणी नव्या स्टेशनमास्तरकडे गेली. त्यांची तरुण बायको कुठूनशी दूरची, गावात नवीनच आलेली. तिनं बरणी मांडीवर घेतली, दादऱ्याला नाक लावलं आणि लाल सुतळीच्या गाठीत नख घातलं.

धुरपताचा श्वास मला ऐकू येत होता. सोड, सोड, असं मी मनात घोकत होते. गाठ जरा ढिली झाली. इतक्यात मागच्या खुर्चीवरून मधुकरराव वाकले आणि स्टेशनमास्तरांच्या कानाशी काहीतरी बोलले. नवऱ्यानं बायकोच्या मनगटाला हात लावला. तिनं गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं.

“परत घ्या फादर,” नवरा म्हणाला. “पुन्हा बोला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटी मधुकररावांनीच बरणी घेतली, तिचं वजन हातात तोललं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “यंदा अगदी गच्च भरलीय हो! लोणचं असावं तर धुरपताबाईच्याच हातचं!”

फादरांनी तिला पुढे बोलावलं, पण ती गेली नाही. मी तिला शोधत कनातीमागे गेले. ती पाटावर बसून महाराजाची कढई घासत होती. रडत नव्हती, हे सांगितलं पाहिजे. मी शेजारी बसले आणि एक परात ओढून घेतली.

“मुरूम चालते बाई याइले,” ती कढईतून मान वर न करता म्हणाली. “माहा हात नाई चालत.”