पानाखालची ओळ

बाबा जे काही करत ते नेमानं करत, आणि नेमाच्या माणसाबरोबर राहणं किती अवघड असतं ते त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या कोरड्या पट्ट्यात आमचं गाव. बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते आणि गावातल्या आठ-दहा ख्रिस्ती घरांची रविवारची उपासनाही तेच चालवत. त्यांनी अख्खं बायबल हातानं लिहून काढायला घेतलं होतं. छापलेलं घरात असताना हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणत, "माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं. तो पुस्तक नुसतं कपाळाला लावायचा. त्याच्या वाटचं मी लिहितोय."

रोज एक पान. शाळा सुटल्यावर हातपाय धुऊन, दिवस मावळायच्या आत. फुलस्केप कागद, एकाच बाजूनं लिहायचा. वीस पानं झाली की आई ती दाभणानं शिवून देई. या लिखाणात खोडायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम होता. चुकलं तर चुकलेला शब्द तसाच ठेवायचा आणि पुढे बरोबर शब्द लिहायचा. "खोडलं म्हणजे मी चुकलोच नव्हतो असं सांगणं झालं," असं त्यांचं म्हणणं. पान संपलं की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ लिहीत, त्या दिवशी देवाजवळ केलेलं मागणं. ती ओळ कुणी वाचायची नाही आणि त्यांच्या बैठ्या मेजाला कुणी हातही लावायचा नाही.

खोटं बोललेलं सापडलं तर बाबा मारत नसत. ते स्वतः जेवत नसत. मी सातवीत असताना एक साधी थाप मारली होती, तर हा माणूस दोन दिवस पाण्यावर राहिला. त्यापेक्षा चार छड्या मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या उपासाची जितकी भीती वाटायची तितकी देवाचीही वाटत नव्हती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं, बहात्तर संपून त्र्याहत्तर लागलेलं. आई रोज सकाळी बंधाऱ्याच्या कामावर खडी फोडायला जाई. घरात रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लालसर भाकरी, आणि त्याही मोजून. मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते, परीक्षा मार्चमध्ये. मला मास्तरीण व्हायचं होतं, ते मी घरात दहा वेळा बोलून दाखवलं होतं. अशात संगमनेरहून स्थळ आलं. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर. आई म्हणाली, "मानसं चांगली हाईत. हितं काय खानार हायेस तू?" बाबा आठवडाभर रोजचं पान लिहीत राहिले आणि एका शुक्रवारी पहाटे एस.टी.नं संगमनेरला गेले. शनिवारी पाचच्या गाडीनं परत येतो म्हणाले. माझं काय ठरवायला निघाले आहेत, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी सकाळी आई कामावर गेली. सराव परीक्षेची सुट्टी असल्यानं मी घरी एकटीच. पुस्तक समोर होतं, पण लक्ष मेजाकडे. शिवायची राहिलेली सहा पानं तिथे पाटीखाली दाबून ठेवलेली होती. स्थळाची बोलणी चालू होती तेच ते सहा दिवस. बाबांच्या मनात काय आहे ते मला सांगत नसले तरी देवाला सांगितलंच असणार. नुसत्या सहा ओळी वाचायच्या आणि पाटी होती तशी ठेवायची, एवढंच मनात होतं.

मेजावर शाईच्या दोन बाटल्या असत. बाबांची स्वतःची काळी-निळी, पक्की शाई लहान बाटलीत. दुसरी मोठी बाटली शाळेच्या निळ्या शाईची, गोळ्या पाण्यात विरघळवून केलेली. मी पाटी सरकवली, तिचा कोपरा त्या मोठ्या बाटलीला लागला, आणि बूच सैल होतं. एक ओळसुद्धा वाचून झाली नव्हती. सहाही पानांचा खालचा अर्धा भाग निळ्यात बुडाला आणि कोपरे तर पार नाहीसे झाले.

आधी पदरानं टिपायला गेले, तर निळं आणखी पसरलं. मग रडायचंही सुचेना. नऊ वाजले असतील, म्हणजे पाचच्या गाडीला आठ तास होते. माझं अक्षर बाबांनीच घडवलेलं, शाळेची हजेरीपत्रकं मी त्यांच्याऐवजी कितीदा लिहिलेली. दोघांच्या अक्षरातला फरक गावात कुणाला ओळखू येत नसे. मजकूर छापलेल्या पुस्तकात होताच. मी त्यांचा टाक घेतला, त्यांची शाई घेतली आणि बसले.

त्या पानांवर बायबलातल्या, सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या माणसाची कहाणी होती. पोरंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले, आणि तो देवाशी भांडतोय. एरवी मला ती कहाणी आवडत नसे, कारण त्याच्या मुली सुरुवातीलाच घर कोसळून मरतात आणि त्यांचं पुढे कुणी नाव काढत नाही. त्या दिवशी मात्र त्याचं भांडण मी मनापासून लिहिलं. अक्षर सावकाश काढावं तर वेळ जात होता आणि घाई करावी तर ते माझं दिसायला लागत होतं.

तिसरं पान अर्ध्यावर असताना शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली. "पोरी, टँकर आलाय. घागरी घे बिगीबिगी. तुझी आई न्हाई घरी, तुमचं पानी कोन भरनार?"

जावंच लागलं. रांगेत तास गेला. काकू माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "लई निळे झालेत गं हात." मी म्हटलं, "शाई सांडली." "मास्तराची पोर म्हनल्यावर शाईच असनार," म्हणून त्या हसल्या. मलाही हसावं लागलं. परत आल्यावर राखेनं बोटं घासली, शाई मुरलेली जमीन शेणानं सारवून घेतली आणि पुन्हा बसले. दुपारची भाकरी फडक्यात तशीच राहिली.

तीन वाजता सहा पानं लिहून झाली. उरले ते कोपरे. ते काही छापलेल्या पुस्तकात नव्हते. बाबा काय मागतात ते तरी कळावं म्हणून मी पेटीतले जुने शिवलेले गठ्ठे काढले. एकदा चोरी केल्यावर दुसरीला काय हरकत? शाळेतल्या अमक्याचा ताप, विहिरीचा पाझर, आईची पाठदुखी, 'आज मुलांवर ओरडलो, क्षमा कर.' पन्नास-साठ पानं भराभर उलटली. माझ्याबद्दल एक ओळ नव्हती. सगळ्या गावाला जागा होती, मला नव्हती. भीती मागे पडली आणि मला भयंकर राग आला.

पहिल्या पानाखाली लिहिलं, गावाला पाणी मिळू दे. दुसऱ्याखाली आईसाठी, हिच्या हाताचे फोड बरे कर. पुढे शाळेतली मुलं, शेजारच्या आजींचा खोकला, विहीर. सहाव्या पानाशी हात थांबला. मग मी त्यांच्या अक्षरात, त्यांच्या शाईत लिहिलं, 'मुलीला पुढे शिकू दे. तिला मास्तरीण होऊ दे.'

शाई वाळेपर्यंत फुंकत बसले. खराब झालेली पानं चुलीत घालायचा धीर झाला नाही. देवाचं वचन कसं जाळायचं? घडी करून माळ्यावर पत्र्याखाली, एका फुटक्या घमेल्यात ठेवली.

बाबा साडेपाचला आले. आई पाठोपाठ आली. पाणी प्यायच्या आत त्यांनी सांगितलं, "त्यांना पसंत आहे. पुढच्या रविवारी उपासनेनंतर येतील." आईनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं.

मग ते हातपाय धुऊन मेजाशी बसले. आदल्या पानाचा शेवट बघून पुढचं पान सुरू करायचं, ही त्यांची रीत. त्यांनी वरचं पान उचललं आणि ते घेऊन दारात उजेडाला गेले. परत येऊन बाकीची पाचही नेली. माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. किती वेळ ते पाठमोरे उभे होते सांगता येत नाही, मला तो फार वाटला. मग आत आले, पानं पाटीखाली ठेवली आणि त्या दिवसाचं पान लिहायला बसले.

जेवायला मी ताट वाढलं. ताट सरकवून उठतात का, एवढंच बघत होते. ते दोन भाकरी जेवले. वर म्हणाले, "तू पण बस." सापडलं नाही, सुटले, असं मला वाटलं.

पण चोराच्या मनात चांदणं. पुढचे पाच दिवस मी त्यांच्या पावलाच्या आवाजानं दचकत होते. गुरुवारी संध्याकाळी ते आईला म्हणाले, "संगमनेरला कार्ड टाकलं. येऊ नका म्हणून."

आई खडीवरून येऊन नुकती टेकली होती. "का वो? चांगली मानसं हुती. आनि तुमीच गेल्ता ना ठरवायला?"

"मी लिहून बसलोय की पोरीला शिकू दे," बाबा म्हणाले. "लिहिलेलं खोडायचं नाही." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मी परीक्षा दिली, पास झाले, नगरला अध्यापन शिकायला गेले. लोक कौतुक करत आणि मला ते टोचत असे. अर्धपोटी, थकलेल्या माणसाला आपण काय लिहिलं ते आठवलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. बापाला त्याच्याच अक्षरानं फसवून मी शिकत होते.

दुसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत घरी आले. आधीच्या पावसाळ्यात माळ्यावर गळती झाली होती, म्हणून आईनं वरचं सामान काढायला सांगितलं. घमेलं हाताला लागलं. त्यात गळतीचं पाणी पडून फुटीतून निथळून गेलेलं. घडी उलगडली तर शाळेची कच्ची निळी शाई धुऊन गेली होती, आणि खाली बाबांची पक्की शाई जशीच्या तशी. मी शिडीवरच उभी राहून कोपरे वाचले. पहिला, 'संगमनेरचं स्थळ जमू दे.' दुसरा तोच. तिसरा, चौथा, पाचवा तोच. सहाव्यात लिहिलं होतं, 'संगमनेरचं स्थळ जमू दे. तिला पुढे शिकवणं मला झेपणार नाही. ती मला क्षमा करील असं कर.'

म्हणजे त्या दिवशी दारात, पहिला कोपरा वाचताच त्यांना सगळं कळलं होतं. सहा दिवस मागितलेलं मिळालं होतं, ते घेऊनच ते घरी आले होते, आणि माझ्या एका खोट्या ओळीसाठी त्यांनी ते परत केलं.

बाबा मेजाशी लिहीत होते. मी पानं पुढे ठेवली. "शाई मी सांडली होती," म्हटलं.

"माहीत आहे. मेजाजवळची जमीन तेवढीच नवी सारवलेली होती."

"मग त्या दिवशी जेवलात कसे?"

त्यांनी टाक पुसून ठेवला. "तू दिवसभर उपाशी होतीस. तुझी भाकरी फडक्यात तशीच होती. मी जेवलो नसतो तर तूही जेवली नसतीस."

मी तिथेच बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग मी लिहिलेली सहा पानं ज्यात होती तो शिवलेला गठ्ठा काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "दोन्ही राहू देत. शिवून टाक."

मी दाभण आणलं, जुनी शिवण उसवली आणि ती डागाळलेली सहा पानं माझ्या सहा पानांशेजारी घालून पुन्हा शिवली. आता तो गठ्ठा माझ्याकडे असतो. वाचणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्यानं चुकून तेवढाच भाग दोनदा लिहिला.