पाचवा वास

हर्बल चहाच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘नाकवाल्या काकू’ म्हणत. बावीस वर्षं त्या मिश्रण करायच्या टेबलाशी बसत होत्या. पोतं उघडलं की दुरूनच सांगायच्या, पुदिना सावलीत वाळवलाय की उन्हात करपवलाय. कॅमोमाइलच्या फुलांना सफरचंदाच्या सालीसारखा वास यायला हवा, नाही आला तर माल परत. असं नाक असल्यावर माणसांवरही सहसा विश्वास बसत नाही. त्यांचा तर नव्हताच.

त्यात धाकटी जाऊ राहायला आली. घराच्या वाटणीवरून दोघींनी एकमेकींशी अकरा वर्षं अबोला धरला होता. आता दोघींचेही नवरे गेले होते. धाकटीनं फोन करून विचारलं, “ताई, थोडे दिवस येऊ का?” आणि काकूंच्या तोंडून हो निघून गेलं. मागची खोली, कपाटासकट, तिला दिली.

दुसऱ्या दिवसापासून, काकू कामावरून आल्या की धाकटी चहाचा पेला पुढे ठेवू लागली. स्वतः मात्र घ्यायची नाही. समोर बसून विचारायची, “कसा झालाय?”

काकूंनी घोट घेतला. पुदिना, गवती चहा, बडीशेप, शेवटी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारं ज्येष्ठमध. चार झाले. पण पाचवं काहीतरी होतं, ओळखीचं आणि तरी चहातलं नसलेलं. ते काही केल्या सापडेना. त्यात पेला संपला की डोळे जड व्हायचे. इथंच कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटायला लागलं. घराची कागदपत्रं त्यांनी मागच्या खोलीतून काढून आपल्या गादीखाली ठेवली.

“तू का नाही घेत?” एकदा त्यांनी विचारलंच.

“मला नको. तुम्ही घ्या ना गरम गरम.” धाकटीनं नजर चुकवली.

त्यानंतर चार दिवस चहा मोरीत गेला. पाचव्या दिवशी धाकटी दुकानात गेलेली बघून काकूंनी गाळणीतला चोथा कागदावर पसरला आणि चिमट्यानं एकेक पान वेगळं केलं. शेवटी उरले करड्या जांभळ्या कळ्यांचे दाणे. चोळून हुंगले, तर वास आला घडी केलेल्या चादरींचा. त्या तडक मागच्या खोलीत गेल्या. कपाटात कपड्यांना वास यावा म्हणून त्यांनीच कधीकाळी टांगलेली लॅव्हेंडरची पुरचुंडी अर्धी रिकामी होती.

धाकटी दारात उभी होती. कधी आली, कळलंच नाही.

“हे घालतेस चहात?”

“तुम्ही जपून ठेवलेलं, म्हटलं खास असेल.”

“अगं, कपड्यांचं आहे ते, जुनाट. वासावरून कळू नये?”

धाकटी खाटेवर बसली. “मला वास येत नाही, ताई. दोन वर्षं झाली. आजारपण झालं आणि गेला तो गेलाच. चवही नाही. सगळं कोमट पाणी. म्हणून तर रोज विचारते, कसा झालाय.”

“आधी नाही सांगितलंस.”

“तुमच्यासारखीला काय सांगायचं?”

काकूंना लगेच खरं वाटलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, लवंग चुरून आणली आणि तिच्या नाकाखाली धरली. धाकटीची पापणीही लवली नाही. तेव्हा कुठं त्या तिच्या शेजारी बसल्या. गादीखालच्या कागदांबद्दल काही बोलल्या नाहीत, पण कान गरम झाले होते.

महिन्याभरात धाकटी कारखान्यात निवडणीच्या टेबलावर लागली. नाक नसलं तरी तिची नजर घारीसारखी निघाली. पुदिन्यातली काडी म्हणू नका, जास्वंदीच्या पाकळ्यांतला खडा म्हणू नका, तिच्या हातून सुटत नाही. घरी चहा अजून तीच करते. काकू मात्र प्यायच्या आधी सगळे डबे ओट्यावर मांडायला लावतात आणि एकेक उघडून बघतात. धाकटी मुकाट्यानं मांडते, आणि तोवर चहा निवतो.